भोंग्यांचे जमेदार

शरद टेकाळे याने परवा आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात आपल्या दिवंगत काकांविषयी पाऊण तास भाषण केले. काकांचे नाव माणिकराव होते आणि ते पोलिसात होते, ही दोन विधाने मला मान्य आहेत. उरलेला पाऊण तास मला मान्य नाही. काका मोठे आळशी होते, सायकल मारायला नको म्हणून त्यांनी बाजारातल्या दुकानांचे भोंगे एकेक करून बंद पाडले, असे शरदने सांगितले आणि श्रोते पोट धरून हसले. मी हसलो नाही. ते भोंगे मी बसवले होते.

शरद त्या काळात पुण्यात शिकत होता. मी हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या बाजारात होतो, भिंतीला लावलेल्या शिडीवर होतो, आणि खाली शिडी धरून बहुधा माणिकरावच उभे असत. तेव्हा त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे वाचकांनी ठरवावे.

उदारीकरणाची ती पहिली वर्षे. दुकानांच्या लाकडी फळ्या जाऊन काचा आणि शटर आले होते. ज्या माणसाने जन्मभर गोडे तेल विकले त्याचा मुलगा परदेशी घड्याळे मांडून बसला होता, आणि ज्याच्या दुकानावर भोंगा नाही तो व्यापारी मागासलेला, अशी समजूत पसरली होती. हिमायतनगरात माझे विजेच्या साहित्याचे दुकान होते. मुंबईहून पेट्या मागवून मी बसवीत असे. शटर उचलले गेले किंवा आत काही हलले की दर्शनी भिंतीवरचा भोंगा सगळा बाजार दणाणून सोडी, आणि त्याच वेळी पेटीतले यंत्र आपण होऊन पोलीस ठाण्याला दूरध्वनी लावी व ध्वनिफितीवरचा निरोप ऐकवी. यंत्रात खोट नव्हती. हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

त्या ठाण्यात माणिकराव हेड कॉन्स्टेबल होते. आमच्या शहरात त्या पदाला जमेदार म्हणतात. मूळचे नांदेडकडच्या शेतकरी घरातले, पण जन्म आणि जिव्हा दोन्ही हैदराबादची. बांधा बुटका आणि गोल, खाकीची इस्त्री मात्र अशी की घडीवर बोट कापावे. सायकलवर वेग घेतला की टोपी उडत असे, म्हणून टोपीला त्यांनी हनुवटीखाली बांधायची नाडी शिवून घेतली होती. ती नाडी बांधलेली दिसली की बाजार समजे, कोठेतरी वाजला.

पहिला भोंगा वाजला त्या दुपारचा प्रसंग मी त्यांच्याच तोंडून आणि नंतर ठाण्यातल्या तिघांच्या तोंडून ऐकला आहे, आणि चौघांचे वर्णन जुळते. फितीवर मुंबईच्या कोणा बाईंचा आवाज होता; दुकानाचे नाव तेवढे मी माझ्या आवाजात भरीत असे.

“कृपया ध्यान दीजिए. इस दुकान में चोरी हो रही है.”

“हौ अम्मा, बोलो,” माणिकराव म्हणाले. “कितने लोगां हैं?”

“कृपया ध्यान दीजिए.”

“ध्यान दिया ना मैं! तुम पहले बाहर निकलो. माल गया तो गया, जान सलामत रखो.”

“इस दुकान में चोरी हो रही है.”

“डरो नक्को अम्मा! आ रऊं मैं!”

ते गेले. दुकान जेवणासाठी बंद होते, कुलूप जागच्या जागी होते, आणि बाई कोठेच नव्हत्या. मालक धावत आला तर त्याला यांनी पहिला प्रश्न विचारला, “बाईला कुठं कोंडलं?” गोदाम उघडले, माळा पाहिला, मागच्या गल्लीतल्या तीन घरांत चौकशी केली. दोन तासांनी मला बोलावणे आले. मी फीत काढून त्यांना ती पुन्हा पुन्हा ऐकवली.

“म्हणजे सगळ्या दुकानांत ही एकच बाई?”

“एकच.”

“मग तिला सांगा, भोंगेवाले, जरा घाबरल्यासारखं बोल म्हणून. घरात चोर शिरले आणि बाई बातम्या दिल्यासारखी बोलायली. मला तर पहिला संशय हिचाच आला.”

मी रीतसर पदविका घेतलेला तंत्रज्ञ होतो. ‘भोंगेवाले’ हे संबोधन मी अखेरपर्यंत स्वीकारले नाही आणि त्यांनी अखेरपर्यंत बदलले नाही.

भोंगा वाजला की जायचे, हा त्यांचा नियम होता. खरा की खोटा, हे तिथे पोचल्यावर ठरते. ठाण्यातल्या खुर्चीवर बसून नव्हे, असे ते म्हणत. प्रत्येक वळणावर ते शिट्टी वाजवीत. ही गोष्ट मला मुळीच पटत नसे, आणि मी ती बोलून दाखवली.

“अहो, तुमची शिट्टी ऐकून चोर पळून नाही का जाणार?”

“जाऊ द्या की. दुकान वाचलं का नाही?”

“पण चोर?”

“चोर धरणं हे साहेब लोकांचं काम. त्याचं त्यांना मेडल भेटतं. मला दुकान वाचवायचं हाय.”

आता भोंगे ‘बंद पाडण्या’विषयी. खोटे भोंगे फार वाजत, हे खरे. पण त्यामागची कारणे माणिकरावांनी ज्या चिकाटीने हुडकली ती चिकाटी आळशी माणसाच्या अंगी कशी असेल, याचे उत्तर शरदने द्यावे. टीव्हीच्या एका दुकानात दर रविवारी भोंगा वाजे. माणिकराव त्या दुकानात स्वतः चोर झाले. पूर्ण गणवेशात, टोपीची नाडी बांधून, कोपरांवर सरपटत ते शटरपासून तिजोरीपर्यंत गेले. भोंगा वाजला नाही. माझी मान खाली गेली. एवढ्यात मालकाने, जमेदारांना घाम आला म्हणून, पंखा लावला. भिंतीवरचे देवादिकांचे कॅलेंडर फडफडले आणि भोंग्याने छप्पर डोक्यावर घेतले. रविवारी बंद दुकानात हिशेब लिहून निघताना मालक पंखा बंद करायला विसरत असे. माणिकराव जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाले, “माणूस सोडून कॅलेंडर धरायलं तुमचं यंत्र.” कॅलेंडर काढले, यंत्राचा डोळा मी हातभर खाली घेतला, आणि त्या दुकानाचा त्रास कायमचा मिटला. अशी कबुतरे, फुगे, पाली आणि एका कापडवाल्याचे मेहुणे, सगळे त्यांनी शोधून काढले.

मेहुण्यांची हकीकत सांगायलाच हवी. हे गृहस्थ दुपारी बंद दुकानात झोपायला मागच्या दाराने शिरत आणि कूस बदलली की भोंगा वाजे. तिसऱ्या खेपेला माणिकरावांनी आपली शिक्षा फर्मावली. ती कायद्याच्या पुस्तकात नव्हती. ज्याचा भोंगा खोटा वाजला त्याने जमेदारांबरोबर शेजारच्या दहा दुकानांत जायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, “माफ करना, मेरा बजा था.” एवढेच. त्या दिवशी कापडवाले पुढे, त्यांच्यामागे झोपेने डोळे सुजलेले मेहुणे, त्यांच्यामागे सायकल ढकलीत माणिकराव, अशी मिरवणूक निघाली. सहाव्या दुकानी लोक पेढे वाटण्याच्या बेतात होते. अत्तरवाल्याने मेहुण्यांना विचारले, “मियाँ, नींद पूरी हुई के गद्दा भेजूँ?” त्यानंतर बाजारातला प्रत्येक व्यापारी कुलूप लावण्यापूर्वी आत कोण कोण आहे हे हाका मारून पाहू लागला. खोटे भोंगे निम्म्यावर आले, ते या लाजेने. तार कापून नव्हे.

एक भोंगा मात्र कोणाच्या लाजेने थांबेना. नरसय्या शेट्टी यांचे चांदीच्या भांड्यांचे दुकान होते. सत्तरी उलटलेला, शांत, सात्त्विक तेलुगू माणूस; बाजार त्यांना आदराने शेट्टीगारू म्हणे. त्यांचा भोंगा रोज सकाळी दुकान उघडताच वाजे. रोज. समोरचा शिंपी त्यावर घड्याळ लावी. माणिकराव रोज नाडी बांधून निघत, शेट्टी रोज दहा दुकानी हात जोडून येत, आणि दुसऱ्या सकाळी भोंगा पुन्हा वाजे.

त्याच सुमारास ठाण्याला नवे इन्स्पेक्टर आले. तरुण, शिस्तीचे. त्यांनी ठाण्यात एक फळा टांगला, त्यावर भोंगेवाल्या दुकानांची नावे लिहिली आणि नियम केला: महिन्यात तीनदा खोटा वाजला की नाव पुसायचे, मग तो भोंगा कितीही वाजो, पोलीस जाणार नाहीत. नियम वाईट नव्हता. खोट्यामागे धावणारा शिपाई खऱ्याला उशिरा पोचतो, हे मीही मानतो. पण दिवाळी तोंडावर आली होती, शेट्टींच्या दुकानात वर्षभरात नसते एवढी चांदी आली होती, आणि साहेबांनी ओले फडके हाती घेतले ते शेट्टींच्याच नावासाठी. माणिकराव फळ्याला पाठ लावून उभे राहिले. मी दूरध्वनीची तार तपासायला ठाण्यात गेलो होतो. हे मी पाहिले आहे.

“जमेदार, हटो.”

“सर, बुड्ढा आदमी है. एक मौका.”

“रोज बजता. रोज तुम जाते. मौका और क्या होता?”

“वजह मिल जाएगी सर.”

साहेबांनी फडके खाली ठेवले. “ठीक. कल का दिन दिया. परसों से दिवाली तक एक बार भी झूठा बजा, तो इनका नाम भी जाएगा और तुम भी. घोड़ों के तबेले में भेजूँगा.”

माणिकरावांचा चेहरा पांढरा पडला. पोलिसांच्या घोड्यांचा तबेला ही कोणासाठी शिक्षा असेल, असे वाटणार नाही. पण ते घोड्याला भीत. चोराला, दंगलीला, साहेबाला न भिणारा हा माणूस टांग्याच्या दहा हात लांबून जाई. “बैलाच्या डोळ्यात माणूस दिसतो,” ते मला बाहेर येऊन म्हणाले. “घोडा कुठं बघायला तेच समजत नाही. भोंगेवाले, काहीतरी करा.”

मी काय करणार? दुकान उघडल्यापासून तीस सेकंदांत आत जाऊन पेटीची किल्ली फिरवायची, म्हणजे भोंगा वाजत नाही. ते तीस सेकंद मुंबईच्या कारखान्यात कायम केलेले होते. शेट्टींना मी तीनदा समजावले होते. मुंबईला लिहिले तर उत्तर आले, ‘ग्राहकास पुन्हा शिकवावे.’ माणिकराव मला म्हणाले, “शिकवणं बंद करा. उद्या नुसतं बघू.”

दुसऱ्या सकाळी आम्ही शेट्टींच्या मागोमाग आत गेलो. शेट्टींनी शटर उचलले, चपला काढल्या, उंबऱ्यावर पाणी शिंपडले. मग डाव्या भिंतीवरच्या लक्ष्मीच्या तसबिरीकडे गेले. तिला ते अम्मवारु म्हणत. हळद, कुंकू, फूल, दिवा; घाई कशाचीच नाही. उदबत्ती पेटता पेटता भोंगा सुटला. शेट्टींनी शांतपणे कापूर ओवाळला, नमस्कार केला, आणि मग उजव्या भिंतीकडे जाऊन किल्ली फिरवली. पेटी मी उजवीकडे बसवली होती, कारण विजेचे बटण तिकडे होते.

“शेट्टीगारू, पहले मशीन बंद करना ना!” मी ओरडलो.

“अम्मवारु को पीठ दिखा के?” शेट्टींनी विचारले. “पचास बरस से नहीं दिखाया साब.”

माणिकराव एकदा तसबिरीकडे, एकदा पेटीकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, “देवी हलणार नाही. शेट्टी हलणार नाही. हलण्यासारखी तुमची पेटीच राहिली.”

मी आक्षेप घेतले. बारा फूट तार वाढेल, भिंत फोडावी लागेल. शेट्टींचाही आक्षेप होता: देवीच्या पायाशी लोखंडी डबा? तेव्हा माणिकरावांनी टोपी काढली आणि आयुष्यातले सर्वोत्तम भाषण केले. “शेट्टीगारू, मंदिर को जाते ना? अंदर जाने से पहले दरवाज़े पे द्वारपाल को हाथ जोड़ते के नहीं? ये डब्बा अम्मवारु का द्वारपाल है. रात भर खड़ा रहता. सुबह पहले उसको छुट्टी दो, चाबी घुमाओ, फिर आराम से अम्मा के पास जाओ.”

शेट्टींनी बोटावर कुंकू घेऊन माझ्या पेटीला लावले.

ही कल्पना आपली, असे त्या इन्स्पेक्टरसाहेबांनी निवृत्तीनंतर पुष्कळांना सांगितले. त्यांचा आदर राखून मी सांगतो, ते त्या दिवशी दुकानाच्या आसपासही नव्हते. कल्पना माणिकरावांची, हातोडा माझा.

पुढच्या सकाळी माणिकराव समोर सायकलीवर एक पाय ठेवून उभे होते. शटर उचलले गेले. त्यांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. तीस झाले, चाळीस झाले, आतून उदबत्तीचा वास आला. शांतता. ती इतकी अनोळखी होती की शिंपी धावत बाहेर आला. “जमेदार साब, शेट्टी की तबियत तो ठीक है ना? आज बजा नहीं!” माणिकरावांनी त्याला मिठी मारली आणि मग मला, आणि मग वाटेने चाललेल्या एका पूर्णपणे अपरिचित गृहस्थांना.

आठवडाभरात मी बाजारातल्या साऱ्या पेट्या हलवल्या: कोणाची बालाजीखाली, कोणाची मक्केच्या चित्राखाली, एका नास्तिक पुस्तकविक्रेत्याची त्याच्या वडिलांच्या फोटोखाली. जो तो आत शिरून आधी जिकडे वळतो, तिकडे किल्ली. बाजार गप्प झाला.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी भर दुपारी, बाजार बंद आणि घरोघरी क्रिकेटचा सामना चाललेला, मी ठाण्यात माणिकरावांशेजारी बसलो होतो. दूरध्वनी वाजला. मुंबईच्या बाई म्हणाल्या, “कृपया ध्यान दीजिए,” आणि त्यापुढे माझ्याच आवाजात दुकानाचे नाव आले: नरसय्या शेट्टी.

मला घोडे दिसू लागले. मी म्हणालो, “माणिकराव, ऐका. फोन तुम्हीच घेतलाय, ठाण्यात दुसऱ्या कोणाला कळलेलं नाही. शेट्टी दुकानाच्या मागंच राहतात, किल्ल्या त्यांच्याकडून घेतो. मी जातो, गुपचूप बंद करून येतो. वहीत लिहूच नका.”

“लिहू नको?”

“तबेल्यात जायचंय का तुम्हाला?”

ते नाडी बांधू लागले. “इतके दिवस वाजला की सगळे म्हणायचे, शेट्टीच असेल. आता शेट्टी वाजवत नाही. मग कोण वाजवायलं, ते बघायला नको?” त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि साहेबांच्या घरी दूरध्वनी लावला. “सर, शेट्टी का बजा. जा रऊं मैं. घोड़े तैयार रखो.”

प्रत्येक वळणावर शिट्टी वाजवीत ते निघाले. मी मागून स्कूटरवर. सज्जांतून लोक हसत होते. शटरला कुलूप होते, सारे जिथल्या तिथे. शेट्टी लुंगीवरच किल्ल्या घेऊन धावत आले. “मैं नहीं बजाया जमेदार साब! अम्मवारु की सौगंध!” शटर उघडले. त्या गोंधळातही शेट्टींनी आधी द्वारपालाला नमस्कार करून किल्ली फिरवली. भोंगा थांबला, आणि त्या शांततेत छतातून आवाज आला, “अब्बा…”

वर हवा येण्यासाठी ठेवलेल्या झरोक्यातून दोन उघडे पाय लोंबत होते. कमरेपर्यंतचा चोर दुकानात आणि उरलेला गच्चीवर. आत येणे नाही, बाहेर जाणे नाही.

शरद म्हणतो, चार चोर होते, सुरे होते आणि काकांनी त्यांना लोळवले. चोर एक होता, तोही अर्धा. काकांनी काय केले ते मी सांगतो. ते चांदीच्या काउंटरवर चढले, त्या पायांखाली जाऊन उभे राहिले आणि ते पाय त्यांनी आपल्या दोन्ही खांद्यांवर घेतले, कारण लोंबकळून त्या माणसाचा श्वास कोंडत होता.

“नाम क्या है?”

“नाम बाद में सर,” छत म्हणाले. “पहले साँस लेने दो.”

“लो, लो. आराम से लो. मैं हूँ इधर.”

“सीटी सुन के भाग रहा था सर. निकलाच नहीं.”

माणिकरावांनी माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले.

झरोक्याची चौकट फोडायला गवंडी शोधून आणेपर्यंत तास गेला. तासभर ते तसेच उभे होते. तेवढ्यात साहेबांची जीप आली. साहेब ओरडण्याच्या तयारीनेच आत शिरले आणि पाहतच राहिले. माणिकरावांचे दोन्ही हात चोराच्या घोट्यांना धरलेले. “सर, सलाम बाद में करता,” ते म्हणाले. “हाथ खाली नहीं.”

साहेब तसेच बाहेर वळले. गच्चीवर जाऊन त्यांनी वरच्या अर्ध्याला पाणी पाजले. मग वरच्या अर्ध्याची चौकशी साहेब करीत होते आणि खालच्या अर्ध्याची माणिकराव, आणि दोन्ही जबान्या जुळत होत्या. अखेर वरून साहेबांचा आवाज आला, “जमेदार! शेट्टी का नाम रहेगा. सच्चा बजा.”

“और घोड़े, सर?”

“घोड़ों को बोलता हूँ, तुम नहीं आ रहे.”

तोवर सगळा बाजार सामना सोडून दारात जमला होता. शेट्टी रडत होते. चांदीचा एक चमचाही हलला नव्हता.

त्याच रात्रीच्या गाडीने मी पेट्या आणायला मुंबईला गेलो. महिना उलटून परतलो तेव्हा माणिकराव वयोमानाप्रमाणे सेवानिवृत्त होऊन नांदेडकडे गावी गेले होते, आणि पुन्हा आमची भेट झाली नाही. मी त्यांना शेवटचे पाहिले ते त्या दुपारी. एका हाताने सायकल आणि दुसऱ्या हाताने चोराचा दंड धरून ते ठाण्याकडे चालले होते. चोर लंगडत होता, म्हणून तेही हळू चालत होते. पाठमोऱ्या खाकीच्या दोन्ही खांद्यांवर चोराच्या पायांचे, झरोक्यातल्या चुन्याचे दोन पांढरे ठसे उमटले होते, पाची बोटे वेगवेगळी दिसावीत इतके स्पष्ट. शिंपी फडके घेऊन धावला, “जमेदार साब, ठैरो, कंधे साफ कर देता.”

“हाथ नक्को लगाओ,” मागे न पाहता माणिकराव म्हणाले. “अभी पंचनामा होना है.”